निरोगी डोळ्याला शस्त्र लावताना



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दर जूनमध्ये एक काम न चुकता करत. फळ्यावर लहानमोठी अक्षरं लिहायची आणि मागच्या भिंतीपाशी उभं करून एकेका मुलाकडून ती वाचून घ्यायची. ज्याला वाचता येत नसे त्याच्या घरी चिठ्ठी जाई. या गावातल्या कित्येकांना पहिला चष्मा त्या चिठ्ठीमुळे मिळाला. समितीने मला ‘डोळ्यांचं आरोग्य’ असा विषय दिला होता, तो मी मुद्दाम अरुंद करून घेतला आहे. अठरा ते तीस वयाची मुलं-मुली आज माझ्या ओपीडीत येऊन सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात: “मॅडम, लेसर करून चष्मा घालवू का?” या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही आणि ओपीडीत दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळत नाही. म्हणून तो इथे घेऊन आले आहे.

मोतीबिंदू पिकला, पडदा सुटला, काचबिंदूचा दाब औषधाने उतरेना, तर शस्त्रक्रिया टाळल्याने दृष्टी जाते. तिथे धोका पत्करावाच लागतो. चष्म्याच्या नंबराचं तसं नाही. नंबर असलेल्या माणसाने चष्मा लावला की त्याला पूर्ण दिसतं. लेसर न केल्यामुळे आजवर कुणाची दृष्टी गेलेली नाही. म्हणजे आपण एका निरोगी डोळ्यावर, सोयीसाठी, शस्त्र चालवायला निघालो आहोत. सोय ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. भर पावसात दुचाकीवरून जाणाऱ्याला, भट्टीसमोर घामाने चष्मा घसरणाऱ्याला, रात्री रडणाऱ्या बाळाकडे धावताना आधी चष्मा चाचपणाऱ्या आईला सोय म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण सोयीसाठी किती धोका घ्यायचा हे ज्याचा डोळा आहे त्यानेच ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्याइतकी माहिती त्याला मिळायला हवी.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या काळ्या भागावर जी पारदर्शक काच असते तिला कॉर्निया म्हणतात. नेत्रदानाच्या वेळी आपण तिलाच बुबुळ म्हणतो. आत येणारा प्रकाश पडद्यावर केंद्रित करण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हे बुबुळ करतं, उरलेलं आतलं भिंग करतं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटरने जास्त वाढला की अंदाजे अडीच ते तीन मायनस नंबर येतो, कारण प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. हीच लघुदृष्टी. लेसर बुबुळाचा मधला भाग थोडा सपाट करतो आणि प्रतिमा मागे, पडद्यावर नेऊन ठेवतो. डोळ्याची लांबी मात्र होती तेवढीच राहते.

पुढचं वाक्य मी प्रत्येक पेशंटला दोनदा सांगते. लेसरने चष्मा जातो, लघुदृष्टी जात नाही. लांब वाढलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला आणि कडेला विरळ असतो. त्याला भोक पडण्याची, तो सुटण्याची शक्यता आणि काचबिंदूचा धोका मायनस नंबरवाल्यांत इतरांपेक्षा जास्त असतो, आणि लेसरनंतरही तो तसाच राहतो. चष्मा असताना माणूस काच बदलायला का होईना, डॉक्टरकडे येतो. चष्मा गेला की येणं थांबतं. मोठा नंबर असलेल्याने शस्त्रक्रियेनंतरही दर वर्षी थेंब टाकून पडदा तपासून घ्यायला हवा. डोळ्यापुढे अचानक खूप काळे ठिपके आले, प्रकाश लखलखू लागला किंवा एका बाजूने सावली सरकू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

आता या तंत्राचा इतिहास थोडा सविस्तर सांगते, कारण आजचा सल्ला त्यातूनच आला आहे. बुबुळाचा आकार बदलून नंबर घालवण्याची कल्पना लेसरच्या आधीची आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे इग्नासिओ बराकेर हे बुबुळाची चकती कापून काढत, गोठवत, लेथवर घासत आणि परत जागेवर बसवत. पुढे १९७०च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी हिऱ्याच्या सुरीने बुबुळावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चिरा देण्याची पद्धत रुजवली. लाखो लोकांनी ती करून घेतली. दुसऱ्या दिवशी चष्म्याविना दिसायचं आणि लोक आनंदाने घरी जायचे. अमेरिकेत या रुग्णांचा दहा वर्षं नेटाने पाठपुरावा झाला. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर हळूहळू प्लसच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. चिरांनी बुबुळ कमकुवत केलं होतं आणि ते सपाट होतच राहिलं. १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर जी मोठी दुर्घटना झाली, तीत वाचलेल्या बेक वेदर्स या अमेरिकी डॉक्टरांच्या डोळ्यांवर हीच शस्त्रक्रिया झालेली होती. उंचीवरच्या विरळ हवेत त्यांची बुबुळं बदलली, त्यांना दिसेनासं झालं, ते वाटेत थांबले आणि वादळात सापडले. हिमदंशाने त्यांचा एक हात कोपराखाली कापावा लागला.

लेसरची गोष्ट वेगळी आहे आणि तिची सुरुवात एका मद्रासी रसायनशास्त्रज्ञापासून होते. रंगस्वामी श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्समधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथे एक्सायमर नावाचा अतिनील किरणांचा लेसर होता. त्याने प्लॅस्टिकवर फार सूक्ष्म कोरीवकाम होतं हे त्यांनी पाहिलं होतं. १९८१च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं हाड आणि कूर्चा त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यावर हा लेसर चालवून पाहिला. कड स्वच्छ निघाली आणि बाजूचा भाग जळला नाही. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीची ही किरणं रेणूंमधले बंध तोडतात आणि तेवढाच थर उडून जातो. उष्णता शेजारी पसरत नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी बुबुळासाठी याचा उपयोग ओळखला आणि १९८३ साली त्यांचा आणि श्रीनिवासन यांचा संयुक्त निबंध आला. १९८८ साली मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी दिसत असलेल्या मानवी डोळ्यावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. कर्करोगामुळे ज्यांचा डोळा पुढे काढावाच लागणार होता अशा एका बाईंनी आपला डोळा आधी या प्रयोगासाठी देऊ केला होता. आज पंधरा मिनिटांत चष्मा घालवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकावर त्या बाईंचं ऋण आहे असं मी मानते. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली मान्यता दिली. त्याआधीच, १९९०च्या सुमारास, क्रीट बेटावरच्या योआनिस पालिकारिस यांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा वहीच्या पानासारखा उलटायचा, खाली लेसर चालवायचा आणि पान परत मिटायचं अशी रीत बसवली होती. तिला आपण लॅसिक म्हणतो.

आता बुबुळाचा हिशोब करू. हा हिशोब कुणालाही कागदावर मांडता येतो आणि सल्ला घ्यायला जाताना प्रत्येकाने तो मांडावा असा माझा आग्रह आहे. बुबुळ मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जाड असतं. पापुद्र्याला सुमारे ११० मायक्रॉन जातात. प्रत्येक नंबरामागे लेसर अंदाजे चौदा-पंधरा मायक्रॉन थर उडवतो. मायनस सहा नंबर असेल तर ८५ ते ९० मायक्रॉन गेले. ५४० मधून दोन्ही वजा केले तर ३४० उरले. पापुद्रा परत बसतो, पण त्याचा भार उचलण्यात फारसा वाटा राहत नाही, म्हणून खाली उरलेली जाडी महत्त्वाची. ती २५० मायक्रॉनच्या खाली जाऊ द्यायची नाही हा जुना दंडक आहे आणि आता बरेच सर्जन ३०० धरतात. आता दुसरा डोळा घ्या. बुबुळ ५०० मायक्रॉन, नंबर मायनस नऊ. पापुद्र्याचे ११०, लेसरचे १३०, उरले २६०. जुन्या दंडकात हा डोळा कसाबसा बसतो. पण त्याच्या एकूण जाडीचा जवळजवळ निम्मा भाग आपण ढवळला, आणि ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की बुबुळ पुढे ढिलं पडण्याचा धोका वाढतो असं आता माहीत आहे. या डोळ्याला मी नाही म्हणेन. त्याच्यासाठी बुबुळाला हात न लावता आत बसवायची लेन्स असते. ती आयसीएल या नावाने मिळते. तिचे स्वतःचे धोके वेगळे, पण तो मार्ग आहे.

जाडी पुरेशी असली तरी आकार बघावाच लागतो, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हे जास्तच गंभीरपणे घ्यायला हवं. केराटोकोनस नावाच्या विकारात बुबुळ विरळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. सुरुवातीला तो फक्त वाढत्या सिलेंडर नंबरासारखा दिसतो. अशा डोळ्यावर लेसर चालवला तर विकार वेगाने वाढू शकतो, दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही आणि काही जणांना बुबुळ बदलण्यापर्यंत जावं लागतं. नागपूर परिसरातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीस वर्षांवरच्या लोकांमध्ये केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के आढळलं. अमेरिकेतल्या मिनेसोटात पूर्वी मोजलेलं प्रमाण लाखात ५४ होतं. दोन्हीकडे मोजण्याची रीत वेगळी होती. नागपूरच्या अभ्यासाने बुबुळाचा बाक एका मर्यादेपुढे गेला की विकार धरला, त्यामुळे आकडा फुगलेला असू शकतो. तो अर्ध्यावर आणला तरी दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. आपल्याकडे धूळ, ॲलर्जी आणि डोळे चोळण्याची सवय भरपूर आहे, आणि चोळण्याचा या विकाराशी संबंध आहे. म्हणून पेशंटला मी आधी विचारते, डोळे खाजतात का? चोळता का? घरात कुणाचं बुबुळ खराब झालंय का? टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाचा पुढचा-मागचा नकाशा, काढल्याशिवाय कुणी तारीख देत असेल तर तिथून उठावं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हा नकाशा काढण्यापूर्वी मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स निदान तीन आठवडे बंद ठेवायच्या असतात. लेन्सने बुबुळ दबलेलं असतं आणि घाईत काढलेला नकाशा फसवतो.

तपासणीत नापास झालेली मुलं फार हिरमुसतात. काही जण दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणी जातात, जोवर कुणीतरी हो म्हणत नाही तोवर. माझी त्यांना कळकळीची विनंती असते की तीन डॉक्टरांपैकी एकाने नाही म्हटलं तर त्या एकाचं कारण आधी नीट ऐकून घ्या. या शाखेत सर्जनच्या हातापेक्षा त्याची निवड जास्त महत्त्वाची असते.

आता यशाबद्दल. ज्यांची निवड नीट झाली त्यांच्यात ही शस्त्रक्रिया फार चांगली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेला आणि संरक्षण खात्याला सोबत घेऊन लॅसिक झालेल्यांचा अभ्यास केला आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते. आधी काहीही त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना मात्र तीन महिन्यांनी काही ना काही नवा त्रास होता: दिव्याभोवती वलय, प्रकाशाला फाटे फुटणं, दुहेरी कड. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना डोळे कोरडे वाटू लागले होते. या त्रासामुळे रोजची कामं फार अवघड झालेले लोक एक टक्क्याहून कमी. हे सगळे आकडे एकाच वेळी खरे आहेत. जाहिरात फक्त पहिला आकडा सांगते आणि समाजमाध्यमांवर घाबरवणारे फक्त मधले. याच अभ्यासात एक गोष्ट अशी आढळली जी मला माझ्या व्यवसायासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांनी संगणकावरच्या प्रश्नावलीत जेवढे त्रास नोंदवले, त्याच्या निम्मेही आपल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. आपल्याकडे तर हे आणखी खरं असणार. डॉक्टरांनी “आता बरं आहे ना?” असं उभ्या-उभ्या विचारलं की आपण हो म्हणतो. एवढे पैसे घालवले, घरच्यांचा विरोध पत्करला, आता तक्रार कशी करायची, असंही वाटतं. दोष पेशंटचा नाही. विचारणाऱ्याने बसून विचारायला हवं.

कोरडेपणाचं कारण समजून घ्या. शरीरात सर्वांत दाट मज्जातंतू ज्या भागांत असतात त्यांत बुबुळ येतं. पापुद्रा करताना ते कापले जातात. डोळ्याला कोरडं पडल्याची जाणीव मेंदूला पोचवणारे तंतूच तुटल्याने अश्रू कमी येतात आणि पापणीही कमी लवते. बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात तंतू परत वाढतात आणि त्रास ओसरतो. थोड्यांचा राहतो. अगदी मोजक्या लोकांत तंतू वाढताना बिघडतात आणि बुबुळ वरून स्वच्छ दिसत असताना आत सतत वेदना होत राहते. ही वेदना तपासणीच्या यंत्रात दिसत नाही, म्हणून या लोकांवर कुणी विश्वास ठेवत नाही. २००८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर सुनावणी घेऊन अशा रुग्णांना बोलू दिलं, ते फार आवश्यक होतं. वातानुकूलित कार्यालयात दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्या, आधीच डोळ्यांत थेंब टाकणाऱ्या मुलामुलींनी म्हणूनच प्रथम कोरडेपणाचा उपचार करून घ्यावा आणि मग विचार करावा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्या, त्यांनी डोळे कोरडे होतात. रात्री मुंबई–पुणे मार्गावर ट्रक चालवणाऱ्या माणसाने वलयांचा प्रश्न वेगळा विचारावा. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो.

पद्धतींबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोक इथेच उगाच फार अडकतात. पृष्ठभागावर थेट लेसर चालवण्याची सर्वांत जुनी पद्धत, पीआरके, चार-पाच दिवस दुखते आणि दृष्टी सावकाश येते. पण तीत पापुद्राच नसतो. कोल्हापूरच्या तालमीत उतरणाऱ्या पैलवानाला किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलीला मी तीच सुचवेन, कारण लॅसिकचा पापुद्रा जोराच्या फटक्याने वर्षांनंतरही सरकू शकतो. स्माइल या नव्या पद्धतीत बुबुळाच्या आत एक पातळ चकती कोरून छोट्या छेदातून ओढून काढतात. जर्मनीत ती घडली आणि वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शहा यांनी तिच्या सुरुवातीच्या अनुभवाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. यांतली कोणती पद्धत महाग यावरून कोणती चांगली हे ठरत नाही. पातळ बुबुळाला महागडी पद्धतही जाड करू शकत नाही.

वयाचा प्रश्न दोन टोकांना येतो. अठराव्या वर्षी कायद्याने संमती देता येते, पण नंबर त्या वयाला थांबलेला असेलच असं नाही. वर्षभरात अर्ध्या नंबराहून जास्त फरक पडला नसेल तरच पुढे जावं. चष्म्याची जुनी चिठ्ठी सोबत आणा असं मी म्हणते तेव्हा बहुतेकांकडे ती नसते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचा नंबर तात्पुरता हलतो, त्यांनीही थांबावं. भरतीसाठी लेसर करून घेणारी मुलं हा आपल्या भागातला मोठा गट आहे. त्यांनी आधी ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याची जाहिरात आणि वैद्यकीय निकष शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. सैन्यदलांत काही प्रवेशांसाठी ही शस्त्रक्रिया चालते, पण विसाव्या वर्षानंतर केलेली हवी, तिला ठरावीक काळ उलटलेला हवा, बुबुळाची उरलेली जाडी आणि डोळ्याची लांबी मोजली जाते. काही प्रवेशांसाठी ती मुळीच चालत नाही, आणि रेल्वेगाडी चालवण्यासारख्या पदांत तीच अपात्रतेचं कारण ठरू शकते. ज्या नोकरीसाठी डोळा कापला तीच त्यामुळे हातची गेली, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसरं टोक चाळिशीचं. अडतीस-चाळीस वर्षांची माणसं येतात आणि म्हणतात, आता पैसे आहेत, चष्मा घालवून टाका. त्यांना सांगावं लागतं की मायनस दोन-अडीच नंबर असलेला माणूस पंचेचाळिशीत चष्मा काढून वर्तमानपत्र वाचू शकतो, ही त्याला निसर्गाने दिलेली सवलत आहे. लेसरने दूरचं स्वच्छ केलं की ती जाते आणि वाचायला चष्मा लागतो. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याचा मार्ग आहे, पण तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस जगून पाहावा.

पैशांचंही बोलायला हवं. दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीनुसार काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार साडेसात नंबराच्या आतल्या दृष्टिदोषावरचा खर्च विम्यातून वगळता येतो. म्हणजे ज्यांना विमा मिळण्याची शक्यता आहे त्यांचाच नंबर लेसरच्या मर्यादेजवळ पोचलेला असतो. दिवाळीची सवलत, “आज पैसे भरले तर अमुक कमी” असं कुणी म्हणालं की माझा जीव खालीवर होतो. निरोगी डोळ्याची शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी न्यावं, वाचावं, शंका लिहून आणाव्या. तपासणी कोण करणार, शस्त्रक्रिया कोण करणार आणि सहा महिन्यांनी त्रास झाला तर कोण बघणार, हे तोंडावर विचारावं.

कुणी विचारतं, मग तुम्ही डॉक्टर लोक स्वतः चष्मे का घालता? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, या शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि स्वतःही त्यासाठी योग्य असलेल्या सर्जनांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांनी ती करून घेतलेली होती. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी करून घेतली आहे आणि ते सुखी आहेत. माझा नंबर लहान, वय पन्नाशीच्या पुढे. मला तिचा उपयोग नाही.

आणि चष्म्याला कुणी कमी लेखू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या पानं खुडणाऱ्या मजुरांना जवळचे साधे चष्मे मोफत देऊन पाहिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. थोडक्या किमतीत, कुठेही शस्त्र न लावता, आणि नको तेव्हा काढून ठेवता येतं असं दुसरं साधन आपल्या शास्त्राकडे नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र पूर्ण निर्धोक समजू नका. ती लावून झोपणं, नळाच्या पाण्याने धुणं यातून बुबुळाला असा जंतुसंसर्ग होतो की डोळा जाऊ शकतो. बेफिकीरपणे लेन्स वापरणाऱ्या मुलाला चष्मा किंवा लेसर, दोन्ही जास्त सुरक्षित आहेत.

शस्त्रक्रिया झाली तर आधीचे कागद जन्मभर जपून ठेवा. साठीनंतर मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला आधीच्या बुबुळाची मापं उपयोगी पडतात. ती नसली तर अंदाज चुकू शकतो. बुबुळ पातळ झाल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला लेसर झाल्याचं आपणहून सांगा. नेत्रदानाचा अर्ज भरलेल्यांनी तो मागे घ्यायचा नाही. अशा डोळ्याचं बुबुळ पूर्ण जाडीच्या रोपणाला चालत नसलं तरी त्याचा आतला थर दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो. घरच्यांनी नेत्रपेढीला तेवढं सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. ओपीडीत मुलगी बसलेली असते आणि बोलत तिची आई असते. “स्थळं बघतोय. दोनदा चष्म्यावरून अडलं. लग्नाआधी लेसर उरकून टाकू.” मुलीला विचारावं तर ती म्हणते, मला चष्म्याचा काही त्रास नाही. अशा वेळी मी आईला बाहेर बसायला सांगते आणि मुलीशी एकटीशी बोलते. तिला स्वतःला हवं असेल, तिचं बुबुळ तसं असेल, तर आनंदाने करते. तिला नको असेल तर कुठल्याही स्थळासाठी मी तिच्या डोळ्याला हात लावत नाही, आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनीही लावू नये असं मला वाटतं. मुलग्यांना हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्यांचा चष्मा अभ्यासूपणाचा मानतात. वाढलेल्या लांबीच्या डोळ्याचा वारसा लपवूनही जात नाही: आई-वडिलांना लघुदृष्टी असेल तर मुलांत तिची शक्यता वाढते, मग आईने लेसर केलेलं असो वा नसो.

या सभागृहात दर वर्षी परिचय मेळावे भरतात आणि त्यांचे संयोजकही आज इथे बसलेले आहेत. तुमच्या छापील अर्जात उंची, वर्ण, रक्तगट यांच्या रांगेत ‘चष्मा: आहे / नाही’ असा एक रकाना आहे. यंदाचा अर्ज छापायला देण्यापूर्वी तो रकाना काढून टाका, एवढी विनंती मी या व्यासपीठावरून तुम्हाला करते.